वाटणी राहिली, मृत्युपत्र उरलं

१ एप्रिल २०२५ पासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं कमी करायची आणि वारसांची लावायची, एवढंच तिचं काम. ऐकायला हे साधं वाटतं. पण नांदेड-लातूरकडच्या गावांत बाप जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली तरी सातबारा त्याच्याच नावावर असणं नवीन नाही. वहिवाट ठरलेली असते, ज्याचं त्यानं पेरायचं, कुणाची तक्रार नसते. वारसनोंदीचा अर्ज भरायची वेळ आली की त्यात मुलींचीही नावं लिहावी लागतात. अशाच वेळी कुणाच्या तरी ट्रंकेतून एक कागद बाहेर येतो. "आबांनी मृत्युपत्र करून ठेवलंय." हे वाक्य ज्या दिवशी उच्चारलं जातं, त्या दिवसापासून घरात दोन पक्ष होतात.

अशा भांडणांना आपण मृत्युपत्राची भांडणं म्हणतो. माझ्या मते त्यांतली बरीचशी भांडणं मृत्युपत्राची नसतातच. बाप हिंडता-फिरता असताना जी वाटणी व्हायला हवी होती ती झाली नाही, बहिणींचा विषय कुणी काढला नाही, म्हाताऱ्याचं कुणी केलं आणि कुणी नाही याचा हिशेब कुणी तोंडावर मांडला नाही. हे सगळं साचलेलं त्या एका कागदावर येऊन आदळतं. कोर्टाला मात्र त्या साचलेल्याशी देणंघेणं नसतं. ते दोनच गोष्टी बघतं: बापाला ही मिळकत लिहून देता येत होती का, आणि हा कागद खरोखर त्यानंच केला का.

पहिल्या प्रश्नाचं मूळ आपल्या शेजारीच आहे. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडून बीदर जिल्ह्यात गेलं की बसवकल्याण लागतं. जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर, विज्ञानेश्वरानं तिथं 'मिताक्षरा' लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच हक्क मिळतो, हा तिचा गाभा. आज औसा किंवा देगलूरच्या कोर्टात वकील उभा राहून "मिळकत एकत्र कुटुंबाची आहे, मयताला ती संपूर्ण लिहून देण्याचा अधिकारच नव्हता" असं म्हणतो, तेव्हा तो हेच बोलत असतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० नं हिंदू माणसाला एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्रानं देण्याची मुभा दिली. आपला हिस्सा, दुसऱ्याचा नव्हे.

तो हिस्सा किती, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. समजा बारा एकर वडिलोपार्जित जमीन, नवरा-बायको, दोन मुलगे, एक मुलगी. बाप गेला त्या क्षणी कायदा मनातल्या मनात वाटणी करतो: बाप, त्याची बायको, तीन मुलं, असे पाच वाटे. बापाच्या वाट्याला येतात दोन एकर सोळा गुंठे. त्यानं बाराच्या बारा एकर धाकट्याच्या नावानं लिहून ठेवले असले, तरी मृत्युपत्र चालेल ते या दोन एकर सोळा गुंठ्यांपुरतं. ही हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सांगलीहून आलेल्या एका खटल्यात पक्की केली. त्यात मागे राहिलेली आई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मुलींना तेव्हा जन्मसिद्ध हक्क नव्हता. आईला आधी पाव हिस्सा, शिवाय नवऱ्याच्या पाव हिश्श्याचा सहावा भाग, असे एकूण सात-चोवीसांश मिळाले. निकाल देणारे यशवंतराव चंद्रचूड. आईलाच मुलाविरुद्ध दावा करावा लागला होता, हे त्यातलं विसरू नये असं.

दुसरी गफलत 'वडिलोपार्जित' या समजुतीची. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण धरून चालतो. पण आजोबांची ती स्वकष्टाची असेल, ते १९५६ नंतर वारले असतील आणि बापाला ती वारसा म्हणून मिळाली असेल, तर ती बापाच्या हातात त्याची स्वतःची ठरते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशीच आहे. तशी असेल तर बाप ती सगळी एका मुलाला देऊ शकतो, शेजाऱ्यालाही देऊ शकतो. त्यामुळे 'जमीन आली कशी' हाच दाव्याचा कणा होतो. हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला १७ जून १९५६ ला. तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात तो आला १ नोव्हेंबरला. म्हणून इथले वकील १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक शोधतात. त्यात नाव आजोबांचं की पणजोबांचं, कूळ म्हणून की मालक म्हणून, यावर आजच्या नातवंडांचे वाटे ठरतात. त्यामागचे निजामी कागद उर्दूत किंवा मोडीत. ते वाचणारा माणूस गाठायचा, त्याच्याकडून भाषांतर करून घ्यायचं, मग विरुद्ध पक्ष त्या भाषांतरावर हरकत घेणार. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे असे वाचक पुन्हा भाव खाऊ लागलेत, हा योगायोग.

आता बहिणी. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मानं हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ ला ही लग्नाची अट काढली. पुढं बरीच वर्षं वाद चालला की २००५ च्या आधीच बाप वारला असेल तर काय. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं तो मिटवला: हक्क जन्मानं आहे, बाप त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही. अपवाद २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या खऱ्या वाटण्यांचा. मराठवाड्यातल्या वाटण्या तर बऱ्याचशा तोंडी: चार माणसं बसली, बांध ठरला, नारळ फोडला. नोंदणी नाही, फेरफार नाही. अशी तोंडी वाटणी सहसा मानायची नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच, असं तोच निकाल सांगतो. भावांनी तीस वर्षांपूर्वी केलेली वाटणी बहिणीच्या एका दाव्यानं उघडी पडते ती यामुळे.

बहुतेक बहिणी दावा करत नाहीत. त्या सही करतात. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या ओसरीवर हा प्रसंग वरचेवर दिसतो. सकाळच्या एस.टी.नं दोन-तीन बहिणी आलेल्या, एखादीबरोबर जावई. भाऊ झेरॉक्सच्या दुकानातून चकरा मारतोय. हक्कसोडपत्राचा मजकूर कुणी वाचून दाखवला तर दाखवला. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' हे शब्द त्यात असतातच. आत कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा टेकवायचा. बाहेर आलं की हॉटेलात जेवण, संध्याकाळी साडी-चोळी. मुद्रांक शुल्क नाममात्र, आणि एका दिवसात एकरांचा प्रश्न संपतो. 'माहेर तुटू नये' हे कारण सगळ्याजणी सांगतात आणि ते खोटं नसतं: नवरा गेला, सासरी वाद झाला तर जायचं कुठं, याचं उत्तर अजूनही तोच भाऊ असतो. पण स्वखुशी आणि दुसरा रस्ता नसणं यांतला फरक त्या कॅमेऱ्यात उमटत नाही.

या हक्कसोडीतही एक कायद्याची फट आहे. बाप जिवंत असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा 'पुढं मिळू शकणारा' हक्क सोडता येत नाही. जे अजून हातात आलेलं नाही ते सोडणार कसं? मुलीच्या लग्नाच्या आधी घाईनं लिहून घेतलेले असे कागद पुढं टिकत नाहीत. तलाठ्यापुढं नुसता जबाब दिला की हक्क गेला, ही समजूतही तशीच फोल. कागद नोंदणीकृत लागतो. कित्येक गावांत बहिणींची नावं वर्षानुवर्षं सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात लोंबकळत राहिली. भोगवटादार भाऊ, बहीण मार्जिनमध्ये.

हक्कसोड होणार नाही असं दिसलं की मृत्युपत्र येतं. हा त्याचा नांदेड-लातूरकडचा खरा उपयोग: मुलींना वगळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. आणि इथं दुसरा प्रश्न उभा राहतो, कागद खरा का.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलं, किंवा त्यानं 'ही सही माझी' असं त्यांना सांगितलं, आणि ज्यांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या केल्या. दस्तलेखकानं तळाला 'लिहिणार' म्हणून केलेली सही आपोआप साक्षीदाराची होत नाही. हे बाँड रायटरांना माहीत असतं, पक्षकारांना नसतं. यातला निदान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला कोर्टात उभं करावंच लागतं. म्हणून सत्तरीच्या बापानं सत्तरीचेच दोन मित्र साक्षीला घेतले की पुढचं संकट तिथंच पेरलं जातं.

उलटतपासणी ऐकण्यासारखी असते. कागद कुठल्या खोलीत लिहिला? आबा खाटेवर होते की खुर्चीत? आधी तुम्ही सही केली की दुसऱ्यानं? त्यांना ऐकू येत होतं का? जिल्हा बँकेत ते सही करायचे ना, मग इथं अंगठा का? शेवटच्या प्रश्नाला 'हात थरथरत होता' हे उत्तर येतं. मग 'त्याच महिन्यात पीककर्जाच्या कागदावर सही कशी केली' असा पुढचा प्रश्न तयारच असतो. गावातला साधा माणूस अर्ध्या तासात गोंधळतो, आणि खरं मृत्युपत्रही पडतं. उलट पढवलेला साक्षीदार सगळं घडाघडा सांगतो.

यावरचा मूळ निकाल १९५९ चा, लिहिणारे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी कागद पुढं आणणाऱ्यावर. सही लटपटती असणं, मन दुबळं झालेलं असणं, कारण न सांगता जवळचे वारस वगळणं, आणि ज्याला फायदा झाला त्यानंच कागद करण्यात पुढाकार घेतलेला असणं, या त्या खुणा. पुढं १९७६ मध्ये चंद्रचूडांनी म्हटलं की अशा वेळी प्रश्न दोन पक्षांचा न राहता न्यायालयाच्या मनाच्या समाधानाचा होतो. वाटप असमान आहे एवढ्यानं मृत्युपत्र खोटं ठरत नाही, हेही तितकंच खरं. बापानं अन्याय केला, हे कोर्टात कारण नाही.

आता शेवटची खूण पुन्हा वाचा. फायदा झाला त्यानंच पुढाकार घेतला. वाकलेल्या म्हाताऱ्याला तहसीलला कोण नेणार? जो जवळ राहतो तो. थोरला पुण्यात, मधला हैदराबादला, धाकटा गावात. किंवा मुलगे दूर आणि दोन कोसांवर दिलेली लेकच रोज डबा घेऊन येते. औषधं, लघवीची पिशवी, रात्री-अपरात्री नांदेडचा दवाखाना, हे ज्यानं केलं त्यालाच बाप काही जास्त देऊ पाहतो, आणि त्यालाच बापाला मोटारसायकलवर बसवून कचेरीत न्यावं लागतं. कायद्याच्या नजरेत सेवा करणारा आणि फसवणारा एकाच जागी उभे असतात. ही या सगळ्या प्रश्नातली सगळ्यात अवघड जागा आहे असं मला वाटतं, आणि तिच्यावर उपाय बापाच्याच हातात असतो. मृत्युपत्रात कारण लिहायचं: अमक्यानं इतकी वर्षं सांभाळलं म्हणून हे त्याला, तमक्याला शिक्षणाला आणि प्लॉटला दिलं म्हणून त्याला कमी. बहुतेक मृत्युपत्रांत 'मी शुद्धीत आहे' हे तीनदा असतं, आणि कारण एकदाही नसतं.

सांभाळण्याचा प्रश्न लातूरनं एकदा वेगळ्या टोकानं हाताळला. २०२० च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला की आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईबापांच्या खात्यात टाकायचे. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यांत सहा शिक्षक. नोटिसा निघाल्यावर काहींनी घरीच मिटवून घेतलं. बातमी देशभर गेली. ठरावामागं २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा होताच, ज्यात उपविभागीय अधिकाऱ्यापुढं पोटगी मागता येते. पण या दोन्हींत पैसा मिळतो आईबापाला, मुलांकडून. विनापगारी सांभाळणाऱ्या भावाला, सुनेला, लेकीला काय, हे कुठंच नाही. त्यांचा मोबदला मृत्युपत्रातच शोधला जातो, आणि म्हणून मृत्युपत्र इतकं पेटतं.

पेटायला पैसाही कारण. १९७०-७१ ला राज्यात सरासरी धारण ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.३४. जिरायत सोयाबीनच्या दीड एकरासाठी कोणी दहा वर्षं कोर्टात जात नाही. त्या दीड एकरातून रस्ता जातो तेव्हा जातं. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग झाला, आणि ज्या सर्व्हे नंबरला कुणी विचारत नव्हतं त्याला मावेजा (भूसंपादनाचा मोबदला) लागला. मावेजा सातबारावरच्या नावाला मिळतो. बहिणीनं हरकत घेतली की वाटपाचा वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि रक्कम तिथं अडकते. शक्तिपीठ महामार्गाच्या नकाशात दोन्ही जिल्हे आहेत, तेव्हा हे पुन्हा होणार. लातूर शहरात शिकवण्यांमुळे भाड्याच्या खोल्यांना जो भाव आला, त्यानं बापानं १९८५ ला घेतलेला औसा रोडचा प्लॉट शेतापेक्षा मोठा झाला. तो स्वकष्टाचा, म्हणजे मृत्युपत्राला पूर्ण मोकळा.

नांदेडच्या शीख आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या बौद्ध कुटुंबांना हाच हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबांत गोष्ट निराळी: मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि सुन्नी पंथात वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. बापाची मनमानी तिथं कायद्यानंच बांधलेली आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तो शून्य करता येत नाही. बँकेतल्या ठेवी आणि शेअर्सबद्दलचा एक गैरसमज मात्र सगळ्यांना समान आहे: नॉमिनी म्हणजे मालक. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवरून त्यांच्या कुटुंबात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ ला स्पष्ट केलं की नामनिर्देशित व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही.

दावा दाखल करणं बहिणीला महाग नाही. १९९४ च्या शासन अधिसूचनेनं मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. (भावाभावांच्या भांडणातही एखादी बहीण वादी म्हणून पुढं केलेली दिसते, ती यामुळे.) महाग पडतो तो वेळ. दिवाणी न्यायाधीश, मग जिल्हा न्यायालय, मग संभाजीनगरचं खंडपीठ. जिंकल्यावरही प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. शेतजमीन प्रत्यक्ष तोडून देण्याचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नं जिल्हाधिकाऱ्याकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला. विहीर कुणाच्या वाट्याला, रस्ता कुठून, पाइपलाइन कुणाच्या बांधातून, ही भांडणं तेव्हा नव्यानं सुरू होतात. तोवर मूळ वादी वारलेला असतो आणि वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज पडलेला असतो. लोकअदालतीत तडजोडी होतात त्या पटल्यामुळे कमी, थकल्यामुळे जास्त.

बाप जिवंत असताना वाटणी करायची सोय महसूल कायद्याच्या कलम ८५ मध्ये आहे: सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदार वाटप करून देतो. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीही माफ केली. दुसरी वाट बक्षीसपत्राची, पण त्यात सांभाळण्याची अट शब्दांत लिहिलेली हवी. ती असेल आणि मुलानं पाळली नाही तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका आईला तिची मिळकत परत दिली. तरी म्हातारी माणसं बक्षीसपत्राला बिचकतात. सातबारा हातातून गेला की भाकरीची किंमत बदलते, हे त्यांनी शेजारी पाहिलेलं असतं. मृत्युपत्र त्यांना बरं वाटतं, कारण ते कधीही बदलता येतं.

आणि बदललं जातंही. २०१२ ला थोरल्याच्या नावानं नोंदणीकृत, २०१९ ला धाकट्याकडे राहायला गेल्यावर साध्या कागदावर दुसरं. नोंदणी झालेलंच खरं असं गावात ठामपणे सांगितलं जातं. कायदा म्हणतो, सिद्ध झालं तर शेवटचं खरं. मग दोन्ही भाऊ आपापला कागद घेऊन एकाच कोर्टात उभे राहतात, दोन्ही कागदांवर एकाच माणसाचा डाव्या हाताचा अंगठा असतो, आणि दोन्हींत बहिणींचं नाव नसतं.